पासंग

परळच्या रद्दीच्या दुकानात शिरले
तेव्हा दुपारचे साडेतीन.
हातात पेटी, पेटीत सरकारी पितळी वजनं
मखमलीत निजलेली, लाडावलेल्या पोरांसारखी.
उघड्या हाताने उचलायची नाहीत.
बोटांच्या घामानेही त्यांचं खरेपण कमी होतं.

मावजीशेठ म्हणाले, "बाई, चहा?"
म्हटलं, "आधी पारडी रिकामी करा."

एकोणीस वर्षं हेच पहिलं वाक्य आहे माझं.
लोकांना वाटतं, चोरी वजन करताना होते.
बहुतेक वेळा ती आधीच होऊन गेलेली असते,
काहीच ठेवलेलं नसताना.

वजनांच्या पारड्याखाली बोट फिरवलं.
चिंचेचा गोळा. वाळून दगड झालेला,
वर धूळ, धुळीवर कोळ्याचं जाळं.
म्हणजे गिऱ्हाइकाची रद्दी इथे कायमच जराशी हलकी.
मावजीशेठ पांढरेफटक.
"बापाने लावला असेल. त्याला जाऊन बावीस वर्षं झाली."
खोटं बोलत नाहीत, असं मला वाटलं.
तरी पावती फाडली.
पावतीवर 'वाटलं' असा रकाना नसतो.

मग तागडीच्या दांडीवरचे जुने शिक्के वाचले, वर्षावार.
त्यातले दोन माझ्याच हातचे.

चहा घेतला नाही.
बसथांब्यावर बराच वेळ उभी राहिले,
दोन बस सोडल्या. बोटाला आंबट वास.

रात्री चुनाभट्टीच्या घरात ती वही काढली.
आईच्या आजारपणातले हॉस्पिटलचे मुक्काम:
माझे एकेचाळीस, कुंदाचे बारा.
बेरीज दोनदा तपासलेली.
याच वहीवरून आठ महिने आम्ही बोललो नव्हतो.
हिशेब चोख होता. तोच तर घोळ होता.
वजनं खरी असली की खाली बोट फिरवायचं
सुचतच नाही माणसाला.

फिरवलं.

सातवीचा निकाल. स्वयंपाकघर.
आई फोडणी घालताना, न वळता,
"कुंदा असती तर पहिली आली असती."
एवढंच. मोहरी तडतडली, पुढचं ऐकू आलं नाही.
पुढे काही असेलही.
अडतीस वर्षं मी ते वाक्य धरून आहे
आणि त्याचा दुसरा अर्धा भाग मला माहीतच नाही.

तेव्हापासून कुंदाने काहीही ठेवो,
बाबांच्या पेन्शनसाठी घातलेल्या खेपा,
मला टायफॉईड झाला तेव्हा दहिसरहून आणलेली पेज,
डबा गरम राहावा म्हणून टॉवेलात गुंडाळलेला,
सगळं जराशी हलकंच भरलं.
मी काटा बघत राहिले. काटा सांगत होता तेच मानलं.

क्षमा वगैरे काही झालं नाही मला.
गोळा खरवडला तरी डाग राहतोच,
आणि एकेचाळीस होते ते एकेचाळीसच राहिले.
फक्त बारा आता बारा दिसले.
तिची रात्रपाळी, तिचा आजारी नवरा,
दहिसर ते परळ, आणि तरीही बारा.

नव्या निरीक्षकांना मी शिकवते:
पासंग काढला की काटा लगेच स्थिर होत नाही.
थरथरू द्या. हात लावू नका.
वाचायची घाई तर मुळीच नको.

साडेदहाला फोन लावला.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
"तुझ्याकडे कुकरची रिंग कुठे मिळते गं? जुना पाच लिटरचा."
"स्टेशनसमोर," म्हटलं. "रविवारी ये.
जुनी रिंग आण बरोबर.
माप लागेल."